अष्टमीची होडी

१

मंगळवारी रात्री अधिकारी वायर्सच्या गोदामातून बारा टन तांब्याची तार चोरीला गेली, आणि शुक्रवारी सकाळी मी तिथे पोचलो तेव्हा मालक मला विचारत होते की चहात साखर किती घालू. केबिनमध्ये एसी गारगार चालू होता. खाली गेटवर यांचेच कामगार बोनससाठी साखळी उपोषणाला बसले होते, दिवाळीच्या आदल्या दिवसापासून. साखर नको म्हणालो.

मी विश्राम परुळेकर. विमा कंपन्यांचा सर्व्हेअर. कुठे आग लागली, चोरी झाली, की नुकसान खरं किती आणि बनावट किती हे मी लिहून देतो, आणि त्यावर कंपनी पैसे देते किंवा देत नाही. त्याआधी वीस वर्षं ठाण्यात एका कारखान्यात फोरमन होतो. तो ब्याऐंशी साली बंद पडला. मालकाची गाडी मात्र चालू राहिली. तेव्हापासून माझा स्वभाव बिघडलाय असं बायको म्हणते, आणि ती खोटं बोलत नाही.

रतन अधिकारी म्हणजे डोंबिवलीचा लाडका. मराठी माणसाने कोपरच्या पुढे खाडीकाठी कारखाना काढला, दोनशे दहा माणसांना रोजगार दिला, म्हणून गावाने त्यांना शाली घालून घालून थकवलं होतं. एका सत्काराला मीही टाळ्या वाजवल्या होत्या.

"परुळेकर, आपण आपली माणसं," ते म्हणाले. "हे ब्याण्णव साल धंद्याला किती वाईट गेलंय ते तुम्हाला सांगायला नको. शेअर बाजार कोसळला, बँका हात द्यायला तयार नाहीत. त्यात ही चोरी. अठरा लाखांचा माल. क्लेम लवकर झाला नाही तर मी संपलो."

फॅक्टरी मॅनेजर उत्तम देशिंगकर फाइल घेऊन शेजारी बसले होते. मूळचे मिरजेचे, इस्त्रीचा पांढरा शर्ट, अक्षर छापल्यासारखं. दाराशी स्टोअरकीपर काळुराम म्हात्रे उभा होता. इथल्याच गावचा आगरी, चाळिशीचा. त्याला दोनदा बस म्हटलं, तो बसला नाही.

फाइल अगदी नीट होती. अठ्ठेचाळीस लाकडी ड्रम, प्रत्येकावर अडीचशे किलो तार गुंडाळलेली, प्रत्येकाचा नंबर. गोदामाच्या मागच्या दाराचं तुटलेलं कुलूप. आणि म्हात्रेचा जबाब: रात्री दोनच्या सुमारास त्याने आपल्या घराच्या ओट्यावरून गोदामाच्या मागे होडी लागलेली पाहिली, चारपाच माणसं ड्रम चढवत होती, आणि होडी वॉचमन गोमाजी तांडेलची होती. गोमाजीला बुधवारी सकाळीच उचललं होतं. चौदा दिवसांची कोठडी.

"कामगारच चोर निघाले, तर मालकाने करायचं काय?" देशिंगकर म्हणाले. "मंगळवारपर्यंत तुमचा रिपोर्ट मिळाला तर बरं. बुधवारी बँकेबरोबर मीटिंग आहे."

म्हणजे मी सही केली की बँकेचे पैसे सुटणार आणि गोमाजी तांडेल पाचसात वर्षं आत जाणार. मी फाइल उचलली आणि खाली आलो. जिन्याच्या शेवटच्या पायरीवर एक कोळीण बसली होती.

"तुमीच ते विम्याचे सायब?" ती म्हणाली. "माजे नवऱ्यानी चोरी नाय केली. पन मना कोन इचारतंय?"

२

तिचं नाव मनुबाई. गोमाजीची बायको. तिला म्हटलं, थांबा, आधी गेटवर बोलून येतो.

गेटवर बांबूचा मांडव, त्यावर ताडपत्री. खाली लाकडाच्या फळ्या पसरून वर सतरंजी. बसलो तर एक कडा मांडीला टोचली, तेव्हा सरकून बसलो. युनियनचा सेक्रेटरी दौलत निकम माझ्यासमोर आला. वायर ओढण्याच्या मशीनवर अठरा वर्षं, डाव्या हाताची दोन बोटं त्याच मशीनने घेतलेली.

"बसायला तरी बरं दिलंय मालकांनी," मी म्हटलं.

"मालकाने कशाला? देशिंगकर साहेबांनी दिलं. थंडी पडायला लागली, तर म्हणाले, घ्या ही लाकडं, शेकोटी करा. तेवढं माणूसपण आहे त्यांच्यात."

मी विचारलं, मंगळवारी रात्री या गेटातून काय काय गेलं. दौलतला राग आला. राग आलेला माणूस मला आवडतो, निदान तो कंटाळून खोटं बोलत नाही.

"परुळेकर साहेब, आम्ही इथे फक्त उपाशी बसत नाही. मालक रात्रीतून मशीन हलवतात आणि सकाळी गेटला टाळं दिसतं, असं शेजारच्या कंपनीत झालंय. म्हणून आम्ही पाळ्या लावल्यात. दिवसाला नव्वदेक, रात्रीला वीस माणसं. दिवाळीपासून या गेटातून साहेबांची गाडीसुद्धा डिकी उघडल्याशिवाय गेलेली नाही. अडीचशे किलोचा ड्रम काय खिशातून नेणार?"

"टेम्पो?"

"एकही नाही. यातल्या कोणालाही विचारा."

मी सात जणांना वेगवेगळं विचारलं. सातही तेच बोलले, आणि पाठ केल्यासारखं नाही. एकाला तर त्या रात्री पोटदुखी होती, तो मांडवातून हललाच नव्हता. कारखान्याला दोनच बाजू मोकळ्या. पुढे गेट, मागे खाडी. गेट बंद, म्हणजे खाडीच उरली, आणि खाडीत होडी फक्त गोमाजीकडे होती. माझ्या फाइलमध्येही नेमकं हेच लिहिलं होतं. मला वाटलं, मनुबाईला काय सांगायचं आता.

३

मनुबाईने मला काही सांगू दिलं नाही. माझ्या पुढे चालत तिने गोदामाची मागची बाजू गाठली. कुलूप तुटलेलं दार, दारापुढे सिमेंटची चार फुटांची पट्टी, आणि तिथून खाली चर. हे पूर्वी मिठागर होतं. मोठ्या खाडीतून पाणी आत घ्यायला जो फाटा काढला होता, तो या दाराशी येऊन संपत होता.

फाट्यात पाणी नव्हतं. वाळून भेगा पडलेला चिखल आणि त्यावर उगवलेलं खारट गवत.

"ओहोटी असेल आत्ता," मी म्हटलं.

मनुबाईने माझ्याकडे असं बघितलं की मला माझ्या परुळ्याच्या आजोबांपुढे लाज वाटली. माझे आजोबा तारवावर खलाशी होते. मी तीस वर्षं डोंबिवलीच्या तिसऱ्या मजल्यावर राहतो.

"सायब, चोरीची रात कंची?"

"मंगळवार. सतरा तारीख."

"तारीख नगं, तीथ सांगा. कार्तिक वद्य अष्टमी. कालभैरवाची. आमचे गावात नैवेद्य असतो. आता तीथेला पाऊनपट करा. आठाचे किती?"

"सहा."

"सहा वाजता समिंदरात भरती. हितं खाडीत वर येवाला दोन तास. म्हंजे आठ. रातचे आठ आनि सकालचे आठ. मंग दोन वाजता काय?"

"ओहोटी," मी म्हटलं.

"तेवरंच नाय." ती खाली उतरली आणि पायाने गवत बाजूला केलं. "अष्टमीला भांग असतो. भांगात पानी चरत नाय, उतरत बी नाय. ह्या फाट्यात पानी येतं ते पुनवेला नि अवसेला, उधानाला. तेवा चार दीस होरी हितवर येते. बाकीचे दीस हितं पोरं क्रिकेट खेलतान. अष्टमीचे भरतीला बी हितं पानी नाय, मंग ओहोटीला होरी काय आभालातून आली?"

मी स्वतः खाली उतरलो. भेगा पडलेल्या चिखलावर पोरांच्या पायांचे ठसे होते, पण ओढत नेल्याचा एकही वण नव्हता. बारा टन माल आणि चारपाच माणसं इथून गेली असती तर गुडघाभर चर पडला असता. पंचनाम्यात चिखलाचा उल्लेखच नाही. इन्स्पेक्टर नवे, चंद्रपूरकडचे. त्यांनी दारात उभं राहून लांबची खाडी बघितली आणि लिहून टाकलं.

"हे तुम्ही पोलिसांना सांगितलं नाही?"

"मी सांगितलं, त्यानी सांगितलं. तर बोलले, चोराची बायको चोराचीच बाजू घेनार. सायब, माजी जनी धा दिवसांनी लगनाची हाय. नवऱ्याकरचे लोक बोलले, बाप सुटला तर लगीन, नायतर आमी दुसरीकरं बघू. त्याना नाय सोरलं तर पोरीचा जलम गेला."

हे सांगताना ती रडली नाही. मला मात्र संताप आला. शिकल्यासवरलेल्या चार माणसांच्या सह्यांची फाइल माझ्या काखेत होती, आणि ती फाइल इथल्या कोणत्याही दहा वर्षांच्या पोराने फाडून टाकली असती.

४

इन्स्पेक्टर वाईट नव्हते, घाईत होते. त्यांनी मला कोठडीपाशी दहा मिनिटं दिली.

गोमाजी तांडेल पन्नाशीचा, रुंद खांद्यांचा. एका डोळ्याखाली काळंनिळं झालं होतं. मी त्याबद्दल विचारलं तर म्हणाला, पडलो. मी इन्स्पेक्टरकडे बघितलं. ते कागद शोधायला लागले.

"गोमाजी, तुमचं कोणाशी वाकडं होतं का?"

"माजं? नाय सायब. मी मागचे बाजूला बसतो, बिडी ओरतो, सकाली घरी. आत तर मी जातच नाय. गोदामाची चावी म्हात्रेकरं."

"कधीच आत गेला नाहीत?"

"दसऱ्याला गेलेलो. खंडेनवमीची पूजा. मशिनी पुसून, झेंडूच्या माला घालून, गोदामात बी तराजूची पूजा करतो ना आमी. तवा पाटाला जागा नव्हती. मंग मी ड्रम उचलून बाजूला ठेवले, दोनतीन."

मी आवाज साधा ठेवून विचारलं, "कोणाबरोबर उचलले?"

"एकट्यानी. ड्रम म्हंजे तार गुंडालेला, नवा. पन हलका. मी म्हात्रेला मस्करीत बोललो पन, काय रे काळुराम, तुमचा तांबा उपाशी हाय काय, येवरा हलका कसा? सगले हसले."

"म्हात्रे हसला?"

गोमाजीने आठवून बघितलं. "नाय. तो नाय हसला."

भरलेला ड्रम अडीचशे किलोचा. चार माणसं आणि चेनपुलीशिवाय तो जागचा हलत नाही. गोमाजीने एकट्याने उचलला याचा अर्थ वर दोन थर तार आणि आत नुसतं लाकूड. फाइलप्रमाणे सप्टेंबरात बँकेचा माणूस येऊन हेच अठ्ठेचाळीस ड्रम मोजून गेला होता आणि त्यांच्या भरवशावर कर्ज वाढवून गेला होता. एकही ड्रम त्याने हलवून पाहिला नव्हता. कशाला पाहील? कपडे मळले असते ना.

म्हणजे मंगळवारी रात्री काही चोरीला गेलंच नव्हतं. तांबं त्याआधीच कधीतरी विकलं गेलं होतं. आणि या माणसाने सणाच्या दिवशी एक मस्करी केली, स्वतः विसरूनही गेला, म्हणून त्याला चोर ठरवलं होतं. होडी असलेला वॉचमन, वर त्याला ड्रमचं वजन माहीत. एका दगडात दोन पक्षी.

"सायब, माजी पोर..." गोमाजी म्हणाला.

"माहीत आहे," मी म्हटलं, आणि तिथून सरळ म्हात्रेच्या घरी गेलो.

५

काळुराम म्हात्रे ओट्यावर बसून पावटे सोलत होता. मला बघून उठला.

"बस," मी म्हटलं. "तुझा जन्म कुठला?"

"हितलाच. ह्याच घरातला."

"खाडीकाठचा आगरी. तुझ्या बापाचं मिठागर होतं. तुला भांग आणि उधाण कळत नाही? तू कोणाच्या समोर म्हणशील का की अष्टमीला रात्री दोन वाजता त्या फाट्यात होडी लागली होती? तुझी आजी हसेल तुला."

तो खाली बसला आणि टोपली मांडीवर ओढली.

"म्हणून मी असं धरतो की जबाब तुझा नाहीच. ज्याला खाडी म्हणजे नदी वाटते, बारा महिने चोवीस तास पाणी असलेली, अशा माणसाने तो लिहिला. कृष्णेच्या काठी वाढलेल्या माणसाने. मालक दादरला वाढले, समुद्र बघितलाय त्यांनी. राहिले मिरजेचे देशिंगकर."

पावट्याची टोपली खाली पडली. तो दाणे वेचायला वाकला आणि तसाच वाकून बोलत राहिला. फेब्रुवारी-मार्चमध्ये सगळं गाव शेअरच्या नादाला लागलं होतं, मालकही. सर्व्हेअर असून मीही काही वेगळा नव्हतो, माझेही सहा हजार त्यात बुडाले. पण मी माझे बुडवले. मालकांनी कारखान्याचं तांबं जॉबवर्कच्या नावाने टेम्पोटेम्पोने बाहेर काढून विकलं आणि बाजारात लावलं. दुप्पट झाले की परत माल भरू म्हणाले. एप्रिलमध्ये बाजार कोसळला. मग रिकाम्या ड्रमांवर दोन थर तार चढवून बँकेला दाखवली. आणि आता डिसेंबरात बँक माल वजन करून घेणार होती.

"जबाब देशिंगकर सायबांनी लिहिला," म्हात्रे म्हणाला. "मी वाचला. दोन वाजता, अष्टमी. मना कळलं, हे चूक हाय. पन मी बोललो नाय. म्हटलं, राहू दे. कोनतरी जाणता येईल, त्याला कळेल, गोमा सुटेल. मी मुद्दाम राहू दिलं सायब."

मी आयुष्यात पुष्कळ ओरडलोय. त्या दिवशी माझा आवाज खाली गेला, त्यालाच जास्त भीती वाटली असावी.

"तो माणूस बुधवारपासून मार खातोय. त्याच्या पोरीचं लग्न मोडायला आलंय. आणि तू एक चूक राहू दिलीस म्हणून स्वतःला पुण्यवान समजतोस? तुझी सही आहे त्या कागदावर. दोन शब्द बोलायला काय लागलं असतं?"

"माजा पोरगा कंपनीत टेंपरवारी हाय. सायब बोलले, परमनंट करतो."

"कुठे परमनंट? ही कंपनी पुढच्या वर्षी असेल का?"

मी विचारलं, ड्रम कुठे आहेत. तो म्हणाला, दिवाळीच्या सुट्टीत त्याला रजा देऊन देशिंगकरांनी दोन बाहेरची माणसं आणून फोडायला लावले. तार मशीनवर परत गेली. लाकडाचं काय झालं ते त्याला माहीत नव्हतं, आणि मला वाटतं ते खरं होतं. ती माणसं पाडव्याला रिकाम्या हातांनी गेटाबाहेर पडली.

गेटातून लाकूड गेलं नाही. भट्ट्या ऑक्टोबरपासून बंद, म्हणजे आत जाळलंही नाही. मग अठ्ठेचाळीस ड्रमांच्या दोन्ही बाजूंच्या शहाण्णव गोल फळ्या गेल्या कुठे?

६

सोमवारी केबिनमध्ये मी तिघांसमोर सगळं मांडलं. तिथी, भांग, चिखल, दसऱ्याचा हलका ड्रम. देशिंगकरांच्या चेहऱ्यावरचा रंग उतरत गेला. अधिकारींचा नाही. ते शांतपणे चष्मा पुसत होते.

"छान," ते म्हणाले. "एका कोळणीने सांगितलेली भरती-ओहोटी आणि एका आरोपीची आठवण. म्हात्रे, तू काही बोललास का यांच्याशी?"

म्हात्रे जमिनीकडे बघत म्हणाला, "नाय."

त्या क्षणी मला त्याच्या कानशिलात लगावावीशी वाटली. अजूनही वाटते.

"बघा परुळेकर," अधिकारी पुढे बोलले. "कोर्टाला वस्तू लागते. तुम्ही म्हणता ड्रम आधीच फोडले. दाखवा एक फळी. नसेल तर मुकाट्याने सही करा. आणि तुमच्या माहितीसाठी सांगतो. क्लेम फेटाळला तर बँक परवा कर्ज बुडीत धरेल, आणि कारखाना कायमचा बंद. दोनशे दहा घरं. तुमच्या एका वॉचमनसाठी. तुम्हाला कामगारांचा फार पुळका आहे ना?"

मी खिडकीपाशी गेलो, कारण समोर बसलो असतो तर काहीतरी फेकून मारलं असतं. खाली मांडव दिसत होता. वरच्या मजल्यावरून सतरंजीखालचे उंचवटे दिसत होते. ते चौकोनी नव्हते. गोल होते, एकाला एक लागून, ओळीने.

माझ्या मांडीला शुक्रवारी टोचलेली ती कडा गोलाईची होती.

मी जिना उतरलो. मागून देशिंगकर जवळजवळ धावत आले. मी दौलतला म्हटलं, सगळ्यांना उठव, सतरंजी काढ. सतरंजी निघाली. खाली अडीच अडीच फुटांच्या गोल फळ्या, ड्रमच्या दोन बाजूंना असतात तशा, मधे भोक. एक उलटी केली. लाल रंगात नंबर: ३१४. फाइलमधल्या यादीत अकरावा. दुसरी ३२९. तीही यादीत. तिसरी, चौथी, पाचवी.

"या फळ्या तुमच्याकडे कधीपासून?" मी विचारलं.

"पाडव्याला दिल्या," दौलत म्हणाला. "शेकोटीत घाला म्हणाले. पण साहेब, अख्खं चांगलं लाकूड जाळायला जिवावर आलं. ड्रमचे मधले बुंधे तेवढे जाळले, फळ्या बसायला ठेवल्या. का, काय झालं?"

मी देशिंगकरांकडे वळलो. "सव्वीस ऑक्टोबरपासून तुमचे कामगार या फळ्यांवर बसलेत. आणि याच ड्रमांवरून सतरा नोव्हेंबरला तार चोरीला गेली. साहेब, लाकूड दिसलं की जाळायचं, हे तुम्हाला सुचलं. यांच्या घरात फळीची मांडणी होते. ते तुमच्या लक्षात कसं येणार?"

देशिंगकरांनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं आणि म्हणाले, "मी नोकर माणूस आहे हो." मला त्यांची दया आली असती, पण गोमाजीचा डोळा आठवला.

तोवर अधिकारी खाली आले होते. माणूस हुशार. माझ्याशी बोललेच नाहीत, सरळ कामगारांसमोर उभे राहिले.

"मित्रांनो, मी चूक केली. कबूल. पण ती कंपनी वाचवण्यासाठी. आता ऐका. क्लेम मिळाला तर पंधरा दिवसांत बोनस देतो, सगळा. सतरंजी परत घाला आणि बसा. गोमाजीला मी चांगला वकील देतो, दोन वर्षांत सुटेल, त्याच्या घरी पगार पोचेल. नाहीतर उद्या इथे टाळं. यांना काय, हे रिपोर्ट देऊन घरी जातील. तुम्ही कुठे जाल?"

तो माणूस खोटं बोलत नव्हता, हे सगळ्यात वाईट. दौलतने माझ्याकडे बघितलं. त्याच्या घरी चार पोरं, आठ बोटांचा माणूस, पंचेचाळिशीचा, ब्याण्णव साली. त्याला कोण घेणार होतं? मी त्याला सांगितलं की रिपोर्ट मी खरा देणार, काही झालं तरी. पण रिपोर्ट बुधवारी विमा कंपनीत जाईल, पोलिसांपर्यंत पोचायला महिना लागेल, आणि तोवर फळ्या जागेवर राहिल्या पाहिजेत. त्या एका रात्रीत जाळल्या तर माझा रिपोर्ट नुसता कागद.

"म्हणजे आमच्यावर आहे," दौलत म्हणाला.

"तुमच्यावर आहे."

त्याने चपला घातल्या, ३१४ नंबरची फळी उचलून डोक्यावर घेतली आणि चालायला लागला. त्याने कोणालाही ये म्हटलं नाही. पोटदुखीवाल्याने दुसरी उचलली. मग सगळेच उठले. अधिकारी ओरडत होते, हे माझ्या मालकीचं लाकूड आहे, मी पोलिसांना बोलावीन. एकजण चालता चालता म्हणाला, "तिकडेच चाललोय."

भर दुपारी डोंबिवली पश्चिमेच्या बाजारातून ऐंशीनव्वद माणसं डोक्यावर गोल फळ्या घेऊन गेली. भाजीवाले विचारत होते, कसला मोर्चा, घोषणा का नाहीत. इन्स्पेक्टर बाहेर आले आणि एकेक नंबर यादीशी लावत बसले. दहावा नंबर लागला तेव्हा त्यांनी टोपी काढून टेबलावर ठेवली. संध्याकाळी म्हात्रेही आला, कोणी न बोलावता, आणि त्याने खरा जबाब दिला. मी त्याच्याकडे बघितलं नाही.

७

बुधवारी कल्याणच्या कोर्टाने गोमाजीला सोडलं. अधिकारींना त्याच दिवशी अटकपूर्व जामीन मिळाला, मोठा वकील होता. देशिंगकर आत गेले. बँकेने कारखान्याला सील ठोकलं आणि गेटवर नोटीस लावली, इंग्रजीत.

कोर्टाच्या आवारात मनुबाई होती, जनी होती, आणि मांडवातली पन्नासेक माणसं. सकाळपासून ती बेकार होती आणि तरी आली होती. गोमाजी पायऱ्या उतरला, डोळ्याखालचं निळं आता पिवळं पडलेलं. आत त्याला कोणी काही सांगितलं नव्हतं. त्याला एवढंच कळलं होतं की फळ्या सापडल्या आणि तो सुटला.

त्याने एवढी माणसं बघितली आणि त्याचा चेहरा उजळला.

"दौलत," तो म्हणाला, "एवरे सगले आले म्हंजे उपोषन सुटलं तर. बोनस मिलाला ना?"

दौलतने त्याच्या खांद्यावरची पिशवी आपल्या हातात घेतली.

"मिळाला," तो म्हणाला. "पोरीच्या लग्नाचं बघ आता."

मागे उभ्या असलेल्या पन्नास माणसांपैकी एकानेही त्याला खोटं पाडलं नाही.